वादळानंतरची सात वर्षे

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढले. ते मुंबईवर येणार म्हणून अंधेरी-बोरिवलीत लोक आधीपासून तयारीत होते. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्या होत्या. वाऱ्याचा मुख्य मार मात्र दक्षिणेला बसला. उपनगरांत झाडे पडली, काही पत्रे उडाले, संध्याकाळपर्यंत मुंबई वाचल्याचे बोलणे सुरू झाले. ज्यांचे गाव कोकणात, त्यांच्या घरात खरी काळजी त्याच संध्याकाळी लागली. घाटकोपरच्या असल्फ्यात, भांडुपच्या टेकडीवर, मुलुंडच्या चाळींत माणसे गावचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती आणि पलीकडे घंटाच वाजत नव्हती. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने विजेचे खांब आडवे केले होते, मोबाइलचे मनोरे बंद पडले होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या अनेक गावांची खबर मुंबईत पोचायला काही दिवस गेले.

त्यात टाळेबंदी. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, गावात गेले तर विलगीकरणात राहावे लागत होते. एरवी गावावर संकट आले की चाकरमानी रातोरात एसटी पकडून निघतो. या वेळी तो अडकून पडला होता. मदत करायची तर लांबून, विचार करून, एकमेकांशी बोलून करणे भाग होते. त्या सक्तीमुळे एक चांगली गोष्ट घडली असे मला वाटते. गावाला नेमके काय हवे, हा प्रश्न बऱ्याच मंडळांत पहिल्यांदाच नीट विचारला गेला.

ही मंडळे म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे. गिरण्यांच्या काळात एका गावची माणसे लालबाग-परळला एका खोलीत राहायची, खानावळीत जेवायची आणि पगारातून गावाच्या देवळासाठी वर्गणी काढायची. गिरण्या बंद पडल्या, कुटुंबे वाढली, तशी ही माणसे घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली आणि पुढे नालासोपाऱ्यापर्यंत सरकली. खोली गेली, मंडळ राहिले. आजही कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाचे, कित्येकदा प्रत्येक वाडीचे, एक मुंबई मंडळ असते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणीची वही, रविवारची सभा, वर्षातून एकदा नाट्यगृहात नमनाचा प्रयोग. आपत्तीनंतर कुणाच्या घरी किती माणसे, कुठली म्हातारी एकटी राहते, कोण कुणाशी बोलत नाही, ही माहिती कुठल्याही सरकारी यादीपेक्षा या मंडळाला पक्की ठाऊक असते.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हवे होते छप्पर. वादळ आले ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. मृग तोंडावर होता. मोठ्या पावसाला फार तर आठवडा उरलेला आणि घरावर कौले नाहीत. मंगलोरी कौलांच्या छपराला एका चौरस मीटरला पंधराएक कौले लागतात. म्हणजे बऱ्यापैकी घराच्या दोन्ही पाख्यांना हजार-बाराशे. ती कौले बनवणारे कारखाने आता मोजके उरले आहेत आणि एकाच वेळी शेकडो गावांना कौले हवी होती. पत्र्यांचे भाव वाढले. सुतार मिळेना. अशा वेळी मुंबईहून ताडपत्री, पत्रे, पत्र्याचे हुक आणि खिळे घेऊन निघालेला टेम्पो हा खरा उपयोगाचा. धान्यही लागत होते, मेणबत्त्याही लागत होत्या. मात्र जुन्या कपड्यांची गाठोडी कुणालाच नको होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हाही सगळीकडून असेच जुने कपडे गेले होते. ते वेगळे करण्यात आणि ठेवायला जागा शोधण्यात पूरग्रस्तांचाच वेळ जातो. ज्याचे घर गेले त्याला दुसऱ्याने टाकलेली साडी पुढे करणे हा अपमान आहे, हे उघड बोलायला हवे.

छपराबद्दल आणखी एक. वारा छप्पर वरून दाबत नाही, तो वळचणीतून आत शिरून छप्पर उचलतो. म्हणून पहिली जातात ती कडेची आणि आढ्याजवळची कौले, आणि एकदा तिथे भगदाड पडले की उरलेली भराभर निघतात. पुन्हा छप्पर घालताना कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधल्या, पत्र्याला कडेने हुक जवळजवळ मारले, वासे भिंतीवरच्या तुळईला पट्टीने आवळले, तर पुढच्या वादळात निदान घर उघडे पडत नाही. हा खर्च काही हजारांचा असतो. पण पाऊस डोक्यावर असताना सुतार घाईत असतो आणि मालकाचे पैसे संपलेले असतात, म्हणून तो राहून जातो. मंडळाने पत्र्यांसोबत तारेची भेंडोळी आणि वरकड हुक पाठवले आणि सुताराच्या एका जादा दिवसाची मजुरी दिली, तर तो राहून जात नाही.

विजेची गोष्ट थोडक्यात. कित्येक वाड्यांमध्ये महिनाभर आणि त्याहून जास्त दिवस अंधार होता. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे विहिरीवर पुन्हा रहाट-बालदी, आणि ती ओढणार साठी उलटलेली बाई, कारण तरुण मुंबईत. एक भाड्याचा जनरेटर वाडीवाडीत फिरवून टाक्या भरून देणे आणि फोन चार्ज करून देणे, एवढ्याने घरटी दिवसाचे तीन-चार तास वाचत.

महिनाभरात टेम्पो थांबले. वर्तमानपत्रांतून निसर्गची बातमी गेली. श्रीवर्धन-मुरूड-दापोलीच्या बागायतदाराचे दुखणे इथून पुढे सुरू झाले.

या पट्ट्यातले गाव नारळ-पोफळीच्या वाडीवर जगते. श्रीवर्धनी रोठा ही इथली नावाजलेली सुपारी, आकाराने मोठी, आतून पांढरीशुभ्र; श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही आहे. वाडीची रचना मजल्यांची असते. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरीचे वेल, मध्ये जायफळ, दालचिनी, खाली केळी. पोफळीला डोक्यावर सावली आणि पायाशी ओल लागते. खोड मनगटा-मांडीएवढे, उंची मात्र चाळीस-पन्नास फूट. निसर्गच्या वाऱ्यात या पोफळी मध्यावरच मोडल्या. माड मुळासकट उपटले आणि पडताना त्यांनी खालच्या पोफळी, जायफळे, विहिरीचा कठडा, शेजाऱ्याचा गोठा, सगळे सोबत नेले. वाडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. खोडांवर खोडे, त्यावर झावळ्या.

ही खोडे उचलणे हे पहिले काम. पडलेला माड कुजू लागला की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या कुजक्या लाकडात पोसतात आणि भुंगे बाहेर पडले की उभ्या माडांचे कोवळे कोंब कुरतडतात. त्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरला, तर माड आतून पोखरून मरतो. वादळातून वाचलेला माड असा वर्ष-दोन वर्षांनी जातो. म्हणून खोडे कापून वाडीबाहेर नेणे, उरलेला कुजका भाग जाळणे किंवा खोल पुरणे, उभ्या माडांचे शेंडे तपासून भुंगे आकड्याने काढणे हे पावसाआधी आणि पावसात व्हायला हवे होते. एकेका माडाचे खोड म्हणजे शेकडो किलोंचा बोजा. यांत्रिक करवत, तिचे पेट्रोल, ती चालवणारा माणूस आणि ओढून नेणारे चौघे. पाच-पंधरा माड आणि दीडशे पोफळी पडलेल्या म्हाताऱ्या बागायतदाराने हे कुणाच्या बळावर करायचे? मुंबईतल्या एखाद्या मंडळाने धान्याच्या किटऐवजी दोन यांत्रिक करवती आणि महिनाभराचे पेट्रोल पाठवले असेल, तर त्याने गावाचे सर्वांत मोठे काम केले.

दुसरा धोका उन्हाचा. वरचा माडांचा मजला गेला, शेजारच्या पोफळी गेल्या, आणि ज्या उभ्या राहिल्या त्यांच्या खोडावर दुपारचे ऊन थेट पडू लागले. दिवाळीनंतर नैऋत्येकडच्या बाजूने खोड भाजते, पिवळे पडते, चिरते आणि पुढे त्याच जागी मोडते. खोडाला सुक्या झावळ्या बांधणे किंवा चुना लावणे हा साधा उपाय आहे. पण पंचनामा जूनमध्ये उरकलेला असतो. पुढच्या एप्रिलमध्ये भाजून मेलेल्या पोफळीची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

आता पैशांचे बघू. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये होते. राज्य सरकारने ते ५०,००० केले आणि पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाखावर नेली. ऐकायला आकडा बरा वाटतो. पण श्रीवर्धनची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरात साधारण ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. एवढ्यात दोन माडांची खोडेही वाडीबाहेर जात नाहीत. बागायतदारांनी ओरड केली आणि नंतर झाडागणिक मदत ठरली: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. दहा गुंठ्यांत समजा दाट लावलेल्या दोनशे पोफळी आणि दहा माड पडले, तर साडेबारा हजार. आधीपेक्षा बरे. झाड हे मोजमाप धरले, हे मात्र योग्यच झाले, आणि इथून पुढे कोकणातल्या प्रत्येक आपत्तीत तेच धरले जावे.

याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तमिळनाडूत गज चक्रीवादळाने तंजावर-पट्टुकोट्टईचे माड आडवे केले होते. तिथल्या सरकारने माडाला ६०० रुपये भरपाईचे आणि ५०० रुपये खोड कापून हलवण्याचे, असे ११०० रुपये धरले. हेक्टरी १७५ माडांच्या हिशेबाने ते १,९२,५०० होतात. आकड्यांतला फरक तर डोळ्यांत भरतोच, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते खोड हलवण्याचे वेगळे पैसे. ज्याने तो नियम लिहिला त्याला वाडी पडल्यावर पहिले काम कोणते, हे माहीत होते.

मदत जाहीर झाली, पंचनामे झाले, यादी लागली. आणि इथेच मुंबईकराची गरज अशी लागली की ती दुसऱ्या कुणाला भागवता येत नव्हती.

कोकणातला सात-बारा हातात घेऊन बघा. दहा गुंठ्यांच्या वाडीवर नऊ, अकरा, कधी वीस नावे. सर्वांत वर एखाद्या आजोबांचे नाव, पुढे एकत्र कुटुंब पुढारी म्हणून नोंद. आजोबा वारून तीस वर्षे झाली तरी नाव तसेच. खाली त्यांच्या मुलांची नावे, काहींच्या वारसांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची. यातला एक भाऊ गावात राहतो, वाडी शिंपतो, पाडेलीला बोलावून नारळ उतरवतो. दुसरा बोरिवलीत, तिसऱ्याची मुले अंधेरीत, एक बहीण डोंबिवलीला. पैसे एका खात्यावर जमा व्हायचे तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. गावातला पुतण्या मुलुंडला फोन करतो: "काका, तुमची सही लागत्ये. तलाठी म्हणतात, सगळ्या नावांची संमती द्या, नाहीतर रक्कम तशीच राहील." काका सही द्यायला तयार असतात. पण सहीसोबत आधारची प्रत लागते, बँकेचे तपशील लागतात, वारलेल्या भावाचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि त्या भावाच्या मुलांशी दहा वर्षे बोलणे नाही. साडेबारा हजारांसाठी अकरा सह्या. कितीजणांनी तो नादच सोडला असेल, याची कल्पना करता येते.

म्हणून माझे म्हणणे असे, की उपनगरांतल्या गावमंडळाने आपत्तीनंतर करायचे सर्वांत मोलाचे काम सह्या गोळा करण्याचे आहे. वर्गणी कुणीही देऊ शकतो. सामाजिक संस्था देतात, कंपन्या देतात. सही मात्र ज्याचे नाव सात-बाऱ्यावर आहे त्याचीच लागते, आणि तो माणूस कुठे राहतो हे मंडळाच्या वहीत लिहिलेले असते. एका रविवारी शाळेच्या वर्गात वाडीवार टेबले मांडावीत, संमतीपत्राचे छापील नमुने ठेवावेत, झेरॉक्सची सोय करावी, न बोलणाऱ्या चुलत्यांना वेगवेगळ्या वेळी बोलवावे. मंडळात बँकेतले, महापालिकेतले, शाळेतले निवृत्त लोक असतातच; अर्ज भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

याला महाराष्ट्रात आधार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम निघाला, तेव्हा गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. मालकाने आपले घर स्वतः दुरुस्त करायचे, आणि सरकारी अभियंता व घरमालक यांच्यात या बायका दुवा. कुठला हप्ता कधी मिळतो, भिंत कशी पक्की करायची, कागद कुठे अडला, हे त्या घरोघरी समजावत. असा दुवा कोकणात मंडळ होऊ शकते, फक्त त्याने देवळाच्या सभामंडपाइतकेच महत्त्व या कामाला द्यावे.

सह्या जमल्या तरी काहीजण यादीबाहेरच राहतात. माडावर चढणारा पाडेली, वाडी शिंपणारा गडी, उन्हात वाळलेली सुपारी सोलायला जाणाऱ्या बाया. यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणून त्यांचे झाड पडलेच नाही असे सरकारदरबारी धरले जाते. प्रत्यक्षात बागायतदाराचे उत्पन्न बुडते त्याच दिवशी यांची रोजंदारी बुडते, तीही पुढची सात-आठ वर्षे, कारण पोफळीला फळ धरायला तेवढा काळ जातो. मंडळाकडे थोडीच रक्कम असेल तर ती आधी यांच्याकडे वळवावी. तीही कामाच्या रूपाने, म्हणजे खोडे हलवणे, खड्डे काढणे, रोपांना पाणी घालणे. वाडीही उभी राहते आणि चूलही पेटते.

पुराची गोष्ट थोडी वेगळी असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. उपनगरांतली माणसे स्वतःच्या घरातला चिखल काढत होती आणि गावी घरेच्या घरे मातीखाली गेली होती. २२ जुलै २०२१ ला तळियेत तेच झाले. ज्या गावांवर दरड आली नाही, तिथे पुराने भातखाचरांचे बांध फोडले आणि आत वाळू-गोटे भरले. अशा खाचरात लावणी होत नाही. ते पुढच्या मृगाआधी साफ व्हायला हवे, नाहीतर शेत कायमचे पडीक जाते. तिथे मदत म्हणजे उन्हाळ्यातले जेसीबीचे तास. वर्गणीची वही जुलैत भरते आणि काम मार्चमध्ये असते. मंडळाने निम्मे पैसे राखून ठेवले तरच ते काम होते.

हे राखून ठेवणे वाडीच्या बाबतीत तर फारच गरजेचे. २०२१ च्या पावसात लावलेले पोफळीचे रोप २०२८ च्या आसपास सुपारी देईल, माडही सहा-सात वर्षे घेईल. पहिले तीन उन्हाळे कसोटीचे. रोपाला सावली हवी म्हणून आधी केळी लावावी लागते. केळी वर्षभरात उभी राहते आणि तेवढेच चार पैसेही देते. उन्हाळ्यात पाणी नागा न करता द्यावे लागते, म्हणजे विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, माणसाची मजुरी. बागायतदार साठीचा असेल तर तो रोप लावू की नको, असा विचार करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मुंबईतल्या मुलाने "लावा बाबा, पाण्याचा खर्च माझा" असे म्हटले तर तो लावतो. असे म्हणणारा मुलगा ज्याला नाही, त्याच्यासाठी मंडळाने म्हणावे. दर उन्हाळ्याला ठरावीक रक्कम, तीन वर्षे. देणगीदारांना आधीच सांगून, वहीत वेगळे पान करून.

आणि सात-बारा दुरुस्त करून घ्यावा, पुढच्या वादळाची वाट न बघता. फयान २००९ मध्ये आले, निसर्ग २०२० मध्ये, त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. आधी वारस नोंद: तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, फेरफार नोंदला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज, आणि पुढे पोटहिश्शाची मोजणी. याला सगळे भाऊबंद एका ठिकाणी लागतात. कोकणात ते वर्षातून एकदा, गणपतीत जमतात. आरतीला सगळे घरात असतात, गौरीपर्यंत थांबतात, आणि चतुर्थीची सुट्टी संपली की तलाठी कार्यालय उघडे असते. दाखल्यांच्या प्रती मुंबईहूनच काढून न्याव्यात. गावात झेरॉक्सला रांग असते आणि त्या दिवसांत वीजही जाते-येते.